पावणेदोन तासांचा उजेड

बी. ए.ला मराठी वाङ्मय घेतलेल्या मुलीने वार्षिकांकात काय लिहावे, याचे संकेत ठरून गेलेले आहेत. पहिला पाऊस, आजीची गोधडी, हरवत चाललेले गाव. अगदीच अभ्यासू असेल तर एखाद्या कादंबरीतील स्त्रीचित्रण. त्यामुळे मी संपादक मंडळातील मैत्रिणीला माझा विषय सांगितला तेव्हा तिने आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिले. विज्ञान महाविद्यालय त्या बाजूला आहे, असे तिला सुचवायचे असावे. विषय होता एका सर्पिल दीर्घिकेचा फोटो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे एक स्वतंत्र गाव. आपली आकाशगंगा हे त्यांपैकीच एक. हा फोटो मी आणि माझ्या मामाने २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन रात्री जागून, अकोट तालुक्यातल्या एका वावरात बसून काढला.

"मोबाइलवर बोट फिरवले की हबल दुर्बिणीने काढलेला फोटो मिळतो," मैत्रीण म्हणाली. "मग त्याच्याहून वाईट फोटो काढायला तू तीन रात्री का घालवल्यास?"

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. हबलने या दीर्घिकेचा काढलेला फोटो २००५ साली प्रसिद्ध झाला. तो मी शंभरदा पाहिला आहे, आणि माझा फोटो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा उत्तर द्यायचे तर जरा लांबून सुरुवात करायला हवी.

सप्तर्षी बहुतेकांना ओळखू येतात. क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री हा चौकोन आणि अंगिरस, वसिष्ठ, मरीची ही शेपटी. लग्नात भटजी नवरानवरीला जी अरुंधती दाखवतात, ती या वसिष्ठाला लागून. (अमरावतीत आमच्या गच्चीवरून सात ऋषी अजून मोजता येतात, अरुंधती मात्र भटजींच्या शब्दावर विश्वास ठेवून पाहावी लागते.) शेपटीच्या टोकाला जो मरीची, त्याच्यापासून थोडे बाजूला, पौर्णिमेचे सात चंद्र एका ओळीत ठेवले तर जेवढे अंतर भरेल तेवढ्या अंतरावर ही दीर्घिका आहे. तारकासमूहाचे मराठी नाव शामशबल. हे यमाचे दोन कुत्रे. पाश्चात्त्यांनीही तिथे शिकारी कुत्रेच कल्पिले आहेत. कुत्र्यांच्या बाबतीत तरी दोन्ही संस्कृतींचे एकमत झाले म्हणायचे.

शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाला ती १७७३च्या ऑक्टोबरात सापडली. तो धूमकेतूंच्या मागे होता. धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे धूसर डाग त्याचा वेळ खात. अशा उपद्रवी डागांची त्याने एक यादीच केली. तीत हिचा क्रमांक ५१वा. म्हणून ती आजही मेसिए ५१ किंवा एम-५१ म्हणून ओळखली जाते. मेसिएने शोधलेले धूमकेतू आज कोणाच्या लक्षात नाहीत, त्याची ही नको असलेल्या वस्तूंची यादी मात्र जगभरच्या हौशी निरीक्षकांना तोंडपाठ असते. पुढे १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉसने ७२ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधली, हिच्याकडे रोखली आणि जे दिसले ते कागदावर पेन्सिलीने उतरवले: भोवऱ्यासारखी वळत गेलेली एक आकृती. कोणत्याही दीर्घिकेचे सर्पिल रूप माणसाला दिसले ते पहिल्यांदा. तेव्हापासून इंग्रजीत तिचे नाव पाण्यातल्या भोवऱ्यावरून पडले. मराठीत पाण्यातला भोवरा आणि पोरांच्या दोरीवरचा भोवरा एकच असल्यामुळे आपल्याला दोन्ही चित्रे फुकटात मिळतात.

अंतर सुमारे पावणेतीन कोटी प्रकाशवर्षे. मोजण्याच्या रीतीप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे सरकतो. असल्या आकड्यांनी छाती दडपते असे म्हणण्याची पद्धत आहे. माझी दडपत नाही, कारण मला तो आकडा मुळी कळतच नाही. मला कळते ते असे: सातपुड्याचा जो काळा पाषाण आहे, ज्याच्या भुग्याची आमची काळी जमीन झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे हा प्रकाश तिकडून निघाला तेव्हा नरनाळ्याचा डोंगर थंड होऊन निम्म्याहून अधिक काळ लोटला होता. आभाळातून आलेली वस्तू पायाखालच्या दगडापेक्षा तरुण आहे, हे ध्यानात आल्यावर मला तिच्याविषयी जरा आपुलकी वाटू लागली.

आता मामाविषयी. माझा मामा अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होता. हॅलेचा धूमकेतू ९ फेब्रुवारी १९८६ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ येणार, हे त्याने वर्तमानपत्रात वाचले आणि विकतची दुर्बीण परवडणार नाही म्हणून स्वतः आरसा घासायला घेतला. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा. एक तेलाच्या रिकाम्या ड्रमावर बसवलेली, दुसरी तिच्यावर. मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी. वरची काच मागेपुढे ढकलायची, थोडी फिरवायची, आणि आपण ड्रमाभोवती एक पाऊल सरकायचे. असे हजारो वेळा केले की वरची काच मध्ये खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. खोल म्हणजे किती, तर मामाच्या आरशाच्या मध्यभागी सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. पण ही एवढी खोली घासण्यापेक्षा तिचा आकार प्रकाशलहरीच्या लांबीच्या काही अंशांइतका अचूक आणणे हे खरे काम. ते तासांचे नव्हे, महिन्यांचे. आजी त्याला घाण्याचा बैल म्हणायची. फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ साली आरसा तपासण्याची एक युक्ती सांगितली आहे. तिला एक बारीक दिवा आणि दाढीचे एक पाते पुरते. मामाने तीच वापरली. "मशीनच्या शाफ्टले गेज लावतो ना, तसं उजेडाचं गेज हाय हे," असे तो मला सांगत असे.

हॅले आला आणि गेला. आपल्याकडून तो काही फारसा देखणा दिसला नाही, हे त्या पिढीतले सगळेच सांगतात. दुर्बीण मात्र राहिली आणि मामा एम-५१च्या नादी लागला. सहा इंची आरशातून ती दिसते, पण दिसते म्हणजे दोन धुरकट डाग, एक मोठा, एक लहान, जणू काचेवर कोणी दोनदा फुंकर मारली. रॉसने काढलेले वळण मामाला चाळीस वर्षांत एकदाही दिसले नाही. १९८९च्या उन्हाळ्यात त्याने उसना कॅमेरा लावून फिल्मवर प्रयत्न केला. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारा सरकतो. मामाच्या दुर्बिणीत त्याचे प्रतिबिंब एका सेकंदात मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्श्याएवढे घसरते. मोटार नव्हती. मामाने वीस मिनिटे एका बारीक स्क्रूची मूठ हाताने फिरवत दुर्बीण ताऱ्यामागे नेली. वर पुन्हा फिल्मचा एक दुर्गुण असा, की उजेड फार मंद असला तर ती वेळेच्या मानाने आळशी होत जाते. दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट काम करीत नाही. एका स्टुडिओने रोल धुतला आणि 'कोरा आहे' असे पाकिटावर लिहून परत केला. तो कोरा नव्हता. दिव्यासमोर धरला तर त्यावर गांडुळांसारख्या बारीक रेघा दिसतात. ती पट्टी मामाकडे अजून आहे.

आपल्या डोळ्याचा कारभार हातावर पोट असलेल्या माणसासारखा आहे. आलेला उजेड तो त्या क्षणीच खर्चून टाकतो. अंधारात तासभर पाहत राहिले म्हणून वस्तू अधिक उजळ होत नाही. कॅमेऱ्याचे काम बचत गटासारखे. थेंब थेंब साठवून ठेवायचे आणि शेवटी एकदम हिशेब करायचा. नवे डिजिटल कॅमेरे तर फिल्मसारखे आळसावतही नाहीत, आणि त्यांच्या छोट्या छोट्या बचती नंतर संगणकावर एकत्र करता येतात. हे मला कळले तेव्हा मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एका लग्नाच्या फोटोग्राफरने आपला जुना कॅमेरा विकायला काढला होता; १४,००० रुपये सांगत होता. माझ्याकडे शिकवण्यांचे तेवढे पैसे साठले होते. ते बी. एड.च्या प्रवेशासाठी आहेत अशी बाबांची समजूत होती, आणि खरे म्हणजे माझीही होती.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "आभायाचे फोटो काढते म्हन्ते. आभाय का कुठी पयून चाललं? नोकरी लागल्यावर काढजो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही पटेल असे नाही. एवढेच म्हणता आले असते, की आभाळ पळत नसले तरी अंधार पळतो आहे आणि मामा सहासष्ट वर्षांचा आहे. ते मी म्हणाले नाही. आईने मात्र भाऊ सोबत आहे म्हणून रात्रीच्या मुक्कामाला परवानगी दिली. कॅमेरा घेतला. बी. एड.चे पुन्हा पहिल्यापासून साठवते आहे.

अंधार पळतो आहे, हे उगाच म्हटले नाही. दुर्बीण अमरावतीत लावून काही उपयोग नव्हता. उड्डाणपुलाचे दिवे, हॉलचे दिवे, आणि आता घरोघरचे पांढरे दिवे मिळून शहरावर रात्रभर एक पिठूर सायीसारखा उजेड असतो. त्यात एम-५१ विरघळून जाते. विदर्भात चांगले आभाळ म्हणून पेंच व्याघ्र प्रकल्पाचे नाव घेतात. २०२४च्या जानेवारीत त्याला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. पण पेंच आम्हाला लांब. आमच्यासाठी मामाच्या ओळखीचे वावर बरे होते, अकोटच्या उत्तरेला, नरनाळ्याच्या पायथ्याकडे. त्याची सोय अशी, की अकोट, अकोला ही दिव्यांची गावे पाठीशी राहतात आणि समोर उत्तरेला मेळघाटचे जंगल. तिकडे दिवे नाहीत. एम-५१ आपल्या अक्षांशावरून नेमकी उत्तरेच्या आभाळातूनच जाते. वनखात्याने वाघांसाठी राखलेला अंधार आमच्याही कामी आला.

तयारीत दोन महिने गेले. पहिली अडचण अशी आली, की कॅमेरा लावल्यावर प्रतिमा स्पष्ट होईना. आरशाने एकत्र आणलेला उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याआधीच नळीत एकवटत होता. मामाने शांतपणे नळीला नवी भोके पाडून आरसा चार सेंटिमीटर वर सरकवला. दुर्बिणीची बैठक त्याने पूर्वीच लेथवर घडवलेली होती. पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या मामेभावाने तिला एक छोटी मोटार आणि सर्किट जोडले. आता मूठ फिरवायला नको. तरी ही घरगुती यंत्रणा वीस सेकंदांपर्यंतच तारा धरून ठेवी, पुढे तो ओघळू लागे. म्हणून ठरले, की वीस-वीस सेकंदांचे शेकडो फोटो घ्यायचे.

पहिली रात्र निवडली ती महाशिवरात्रीची, २६ फेब्रुवारी २०२५. यात भक्तीपेक्षा पंचांग अधिक होते. महाशिवरात्र अमावास्येच्या तोंडावर येते, चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही. जागरणाला कोणी नाव ठेवत नाही. अमरावतीच्या स्टँडवर साळबर्डीच्या यात्रेला निघालेल्यांची झुंबड होती. मी दर्यापूरमार्गे अकोटची एसटी धरली, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी. मामीने भगर, साबुदाण्याची उसळ आणि उकडलेली रताळी बांधून दिली. उपवास फक्त मामीचा होता, पण डबा सर्वांचा.

गहू ओलवलेला असला की शेजारी दव फार धरते, म्हणून आम्ही दुर्बीण तूर काढलेल्या कोरड्या धसकटात मांडली. ध्रुव आपल्याकडे जेमतेम एकवीस अंशांवर, डोंगराच्या डोक्याशी. त्याच्याकडे बैठकीचा कणा रोखण्यात तास गेला. नऊच्या पुढे मरीची डोंगरावर आला, अकराच्या सुमारास पुरेसा वर चढला. मामाने डोळा लावून ते दोन डाग शोधले, मला दाखवले, आणि मग डोळ्याच्या जागी कॅमेरा बसवला. दूर गावातल्या देवळातून भजन ऐकू येत होते. कॅमेरा दर वीस सेकंदांनी टक् करी. ती रात्र माझ्या आठवणीत या आवाजानेच भरली आहे. डोळ्यांना म्हणाल तर काहीच दिसत नव्हते.

साडेबाराच्या सुमारास एकाएकी एक झगझगीत झोत आमच्यावर आला. शेजारच्या वावरात हरभऱ्याची जागल करणारे एक काका होते. रानडुकरे आली की काय, म्हणून त्यांनी बॅटरी मारली.

"कोन हाय तिकडं? काय करून राह्यले?"

मामाने ओळख दिली. ते जवळ आले, बॅटरी अजून सुरूच. मामाने ती हाताने झाकली तेव्हा त्यांना नवल वाटले. आयुष्यभर अंधाराला भिऊन बॅटरी बाळगणाऱ्याला, अंधार सांभाळत बसलेली माणसे प्रथमच भेटली असतील. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नुकताच घेतलेला एक फोटो मोठा करून दाखवला. काळ्यावर एक पुसट पांढरी चकती, तिला चिकटलेली दुसरी.

काकांनी बराच वेळ पाहिले. "हे दिसते का तितं?" त्यांनी वर बोट केले.

"डोळ्यांना नाही दिसत."

"मंग हाय कायवरून?"

हा प्रश्न आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांनी वर्गात घातला असता तर त्यावर तीन तास गेले असते. मी त्यांना दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन फोटो दाखवले: कॅमेऱ्याचे ठिपके एकदा इथे, एकदा तिथे, पण चकती दोन्हींत आहे तिथेच. ते म्हणाले, "हाओ. डुकराच्या खुरासारखं. एकडाव दिसलं त भास, रोज तितंच दिसलं त डुक्कर." संगणकाचे सगळे शास्त्र यापेक्षा निराळे नाही. तेवढ्यात शेतीपंपाची लाइन आली, कुठेतरी मोटार सुरू झाली आणि ते पाण्याच्या पाळीला निघून गेले. दुसऱ्या दिवशी आणि १ मार्चलाही ते आले. दोन्ही वेळा बांधावरूनच हाक दिली आणि बॅटरी खाली धरून आले.

फोटो काढण्याइतकेच महत्त्वाचे असते ते न काढलेले वजा करणे. कॅमेरा स्वतःच्या मनाचेही काही ठिपके फोटोत घालतो. ते ओळखण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावून, तेवढ्याच वेळेचे, तेवढ्याच थंडीत अंधाराचे फोटो घ्यायचे. त्यांत जे दिसेल ते नक्की आभाळातले नाही. मग ते मूळ फोटोंतून उणे करायचे. तसेच काचेवरची धूळ आणि कडांचा काळोख काढण्यासाठी पहाटेच्या उजेडात एखाद्या एकसारख्या पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो लागतात. मामाने आपला पांढरा दुपट्टा नळीच्या तोंडावर ताणून बांधला. पूर्वेला उजाडत होते, दुर्बिणीला मुंडासे बांधलेले, आणि कॅमेरा त्या दुपट्ट्याचे वीस फोटो गंभीरपणे काढत होता.

तीन रात्रींत ६१० फोटो निघाले. ते एकेक पाहून निवडण्यात होळी गेली. कुठे वाऱ्याने नळी हलली, कुठे मोटारीने उडी घेतली, कुठे आडवे विमान. उरले ३१८. तिसरी रात्र वाऱ्याची होती, तिच्यातले फारच थोडे वाचले. ३१८ गुणिले वीस सेकंद म्हणजे सुमारे पावणेदोन तास. तीन रात्री आणि दोन महिन्यांच्या तयारीतून हाती आलेला खरा उजेड एवढाच. पण एकावर एक रचल्यावर गोंधळाचे ठिपके एकमेकांना खोडतात आणि खरी वस्तू टिकते. ३१८ फोटोंनी हा गोंधळ साधारण अठरा पटींनी खाली जातो. संगणकावर बेरीज पूर्ण झाली तेव्हा पडदा आधी काळाच दिसला. मी अंधारातले भाग हळूहळू उजळत नेले.

वळण होते. पिवळसर गाभ्यापासून निघून दोन बाहू एकमेकांच्या मागे फिरत गेलेले. एकाचे टोक लहान सोबतिणीकडे लांबलेले. बाहूंना निळसर झाक, ती तिथल्या तरुण, तापलेल्या ताऱ्यांची. गाभा म्हाताऱ्या ताऱ्यांचा म्हणून पिवळा. हबलच्या फोटोत बाहूंवर जे गुलाबी ठिपके दिसतात, तिथे नवे तारे जन्मत आहेत. ते आमच्यात जवळजवळ नाहीत, कारण साध्या कॅमेऱ्यातली एक गाळणी तो लाल रंग बहुतेक अडवते. एका बाहूच्या आतल्या बाजूला काळी धुळीची रेघ आहे असे मला वाटते. मामाला वाटत नाही.

खरा पेच यानंतर आला. मामेभावाने उत्साहाने तो फोटो मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये घातला. अर्ध्या मिनिटात बाहू लखलखीत, कातीव, त्यांवर तारकागुच्छांच्या माळा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर आमचा गरीब नातेवाइकासारखा दिसू लागला. संमेलनाच्या प्रदर्शनात लावायला मित्रमैत्रिणींनी एकमताने ॲपचा निवडला. माझेही मन वळत होते, खोटे कशाला बोलू? मग मी दोन्ही मोठे करून ताडून पाहिले. आमच्या फोटोत बाहेरच्या बाहूशेजारी कॅमेऱ्याचा एक बिघडलेला ठिपका वजाबाकीतून निसटून उरला होता. तो आभाळातला नव्हे, हे आमच्या झाकणाच्या फोटोंवरून ठाऊक होते. ॲपने त्या ठिपक्याचा एक सुरेख निळा तारकागुच्छ करून दिला होता.

मामाने चष्मा पुसून दोन्ही पाहिले. "वस्तू मापात नाई बसली त खाली पत्ती सारून बसवते ना खराब फिटर, तसं काम हाय हे. दिसाले बसलं, बसलं नाई."

मैत्रिणीच्या प्रश्नाचे माझे उत्तर इथे कुठेतरी आहे. हबलचा फोटो खराच आहे, आणि आमच्याहून फार चांगला आहे. पण तो मला मानून घ्यावा लागतो. आमच्या फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा हिशेब मला देता येतो: हा तारा, हा आवाज, हा कदाचित धुळीचा पट्टा, याविषयी घरात मतभेद. साहित्याच्या वर्गात आम्हाला मूळ संहिता वाचा, टीका नंतर वाचा, असे सांगतात. मी मूळ संहितेचे एक फाटके पान वाचले.

आणि हा उद्योग अगदीच निरुपयोगी आहे असेही नाही. देवयानी दीर्घिकेचा फोटो १८८८ साली घेऊन तिच्या अंतरंगाची ठेवण प्रथम दाखवली ती आयझॅक रॉबर्ट्सने. तो व्यवसायाने बांधकामवाला, ज्योतिषाचा हौशी. एम-५१मध्ये १९९४, २००५ आणि २०११ साली ताऱ्यांचे प्रचंड स्फोट दिसले. २०११चा हौशी निरीक्षकांच्याच नजरेला आधी पडला, कारण त्यांच्याजवळ आदल्या रात्रींचे स्वतःचे फोटो होते आणि आज एक ठिपका जास्त आहे हे त्यांना कळले. आमच्या फोटोत जास्तीचा ठिपका नाही. म्हणजे २०२५च्या महाशिवरात्रीला सहा इंची आरशाला दिसेल असा नवा तारा तिथे नव्हता, एवढे मी तारीखवार लिहून देऊ शकते.

याच वर्षी, मे महिन्यात, जयंत नारळीकर गेले. मामाच्या फळीवर त्यांचे 'आकाशाशी जडले नाते' आहे, पानांना कार्बोरंडमचे बोट लागलेले; कारण मामा दर दोन-चार वर्षांनी एखादा नवा आरसा सुरू करून सोडून देतो. आणि वर्ष सरता सरता पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातून बातमी आली: राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका सापडली, तिचा प्रकाश बारा अब्ज वर्षांहून अधिक काळ वाट चालतो आहे. विश्व दीड अब्ज वर्षांचे असतानाच तिचे दोन्ही बाहू नीट वळलेले होते. इतक्या लवकर अशी घडी बसेल असे मानले जात नव्हते. नाव ठेवले अलकनंदा. आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि मंदाकिनीची बहीण अलकनंदा, म्हणून. नाव ठेवणाऱ्यांना आमच्या वाङ्मय मंडळाचे सन्माननीय सभासदत्व द्यावे, अशी माझी सूचना आहे. मी ती बातमी मामाला वाचून दाखवली. त्याने पहिला प्रश्न विचारला तो, "वळन कोन्त्या बाजूनं हाय?"

प्रदर्शनात शेवटी आमचाच मंद फोटो लागला. बाबा आले होते. जवळ जाऊन, मागे येऊन, पुन्हा जवळ जाऊन पाहिले आणि म्हणाले, "पुसट हाय." मग जाताना मामेभावाला, मोटार किती रुपयांची बसवली, असे विचारताना मी ऐकले. या अंकातही तोच फोटो दिला आहे. छपाईत तो नुसता काळा चौकोन दिसला तर मुद्रकाला दोष देऊ नये. पानाला दिव्याखाली थोडे तिरके धरून पाहावे.

मामाला त्याची एक मोठी प्रत काढून दिली. त्याने खिशातून व्हर्निअर काढून मोठ्या चकतीची लांबी मोजली, मग सोबतिणीपर्यंतचे अंतर मोजले आणि दोन्ही आकडे फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिले. बाहूच्या आत धुळीची रेघ आहे की नाही यावर आम्ही पुन्हा भांडलो. ते भांडण आरशाच्या मुलाम्यावर येऊन थांबले. अॅल्युमिनियम जुना होऊन काळवंडला आहे, तो नवा केल्याशिवाय रेघेचा निकाल लागायचा नाही, असे मामाचे मत पडले. आरसा सध्या मुलाम्यासाठी बाहेरगावी गेला आहे. नळीत गांधीलमाश्यांनी घर करू नये म्हणून मामाने दोन्ही तोंडांना दुपट्ट्याचे तुकडे बांधून ठेवले आहेत.